सरासरीच्या आड दडलेले गिऱ्हाईक

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या राहणीमानाची यादी जाहीर केली. १११ शहरांच्या या पाहणीत दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांमध्ये ठाणे अकरावे आणि कल्याण-डोंबिवली बारावे आले. एकूण गुणांपैकी ३० टक्के गुण नागरिकांच्या मतांवर होते. परंतु मुंब्र्याचा रहिवासी काय म्हणाला आणि घोडबंदर रोडचा काय म्हणाला, हे त्या एका क्रमांकावरून कसे कळावे? जे शहराचे, तेच आपल्या दुकानाचे.

आमचे बरेच व्यापारी बंधू आता गिऱ्हाइकांकडून १ ते ५ गुण घेतात आणि महिनाअखेर सरासरी काढून निश्चिंत होतात. ही निश्चिंती महाग पडू शकते. एक हिशेब पाहू.

समजा, एका टेलरिंग मालकाची मुंब्रा व कल्याण येथे दोन दुकाने आहेत. शिलाई, माप, वेळ आणि वागणूक असे चार प्रश्न असून प्रत्येक दुकानात २० चिठ्ठ्या जमल्या. दोन्हीकडे सरासरी आली ३.५. मालक म्हणेल, दोन्ही दुकाने सारखीच चालली आहेत.

आता प्रत्येक चिठ्ठीची वेगळी सरासरी काढा आणि गट पाडून मोजा :

मुंब्रा : २ ते ३ गटात ०, ३ ते ४ गटात २०, ४ ते ५ गटात ०.
कल्याण : २ ते ३ गटात १०, ३ ते ४ गटात ०, ४ ते ५ गटात १०.

मुंब्र्यात सगळे बेताचे समाधानी आहेत. कल्याणात मात्र निम्मी गिऱ्हाइके खूश आणि निम्मी नाराज! त्या दहा चिठ्ठ्या उलगडल्या तर गुण दिसतात शिलाई ३, माप ३, वेळ १, वागणूक २. म्हणजे ईदचे कपडे वेळेवर मिळाले नाहीत. ही दहा घरे पुढच्या रमजानमध्ये दुसऱ्या टेलरकडे जातील, आणि सरासरीने त्याची खबरही दिली नसती.

एक्सेलमध्ये हे काम सोपे आहे. एका ओळीत एक चिठ्ठी लिहावी. चार प्रश्नांच्या चार रकान्यांनंतर पाचव्या रकान्यात ‘एव्हरेज’चे सूत्र घालावे. नंतर ‘काउंटइफ्स’ने प्रत्येक गटातील चिठ्ठ्या मोजून स्तंभालेख काढावा. बरोबर ३ आलेली चिठ्ठी वरच्या गटात धरावी आणि ५ शेवटच्या गटात, म्हणजे कोणतीही चिठ्ठी दोनदा मोजली जाणार नाही. पॉवर बीआय वापरणाऱ्यांची येथेच अडचण होते. तेथे ‘मेझर’ म्हणून लिहिलेली सरासरी आलेखाच्या आडव्या रेषेवर ठेवता येत नाही. आधी दर चिठ्ठीमागे एक सरासरी असा वेगळा तक्ता करावा, मग त्यावर गट पाडावेत.

दोन चुका टाळाव्यात. पहिली, उत्तर न दिलेल्या जागी शून्य लिहू नये. रिकामा चौकोन सूत्र सोडून देते, पण शून्य हिशेबात धरते व सरासरी खाली ओढते. दुसरी, सरासऱ्यांची सरासरी काढू नये. एका दुकानात १० चिठ्ठ्यांची सरासरी ४.५ आणि दुसऱ्यात ९० चिठ्ठ्यांची ३.५ असेल, तर एकूण सरासरी ४ नव्हे, ३.६ येते.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी वहीत गट आखून रेघा माराव्यात. चित्र तेच दिसेल. आमचे सांगणे इतकेच, की नाराज गिऱ्हाईक भांडत नाही, गुपचूप दुकान बदलते. ते जाण्याआधी कागदावर दिसले, तर माणूस आणि धंदा दोन्ही राखता येतात.