आभासी बाजारातला सराव

प्रश्न : पक्षाघातानंतर सासऱ्यांचे लक्ष टिकत नाही, विसरायला होते. शहरातल्या केंद्रात रोज नेणे जमत नाही. घरीच व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट लावून दूरस्थ उपचार घ्यावेत का?

उत्तर : घ्यावेत, पण नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून. पक्षाघातातील व्हीआरवरच्या ७२ चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१७ मध्ये निघाला. हाताच्या हालचालींसाठी व्हीआर पारंपरिक उपचारांहून सरस ठरले नाही; नेहमीच्या उपचारांत त्याची भर घालून एकूण सराव वाढवला, तेव्हा मात्र फायदा दिसला. स्मृती-एकाग्रतेबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती त्यात नव्हती. मग शिफारस कशाच्या बळावर? मेंदू सावरतो तो वारंवार केलेल्या सरावाने, आणि अंतरामुळे तुमच्याकडे नेमका तोच बुडतो आहे. हेडसेटमधल्या आभासी बाजारात यादीप्रमाणे वस्तू उचलताना लक्ष, स्मृती, नियोजन तिन्ही लागतात. थेरपिस्टला चुका दुरून दिसतात, काठिण्य बदलता येते. तिथली प्रगती रोजच्या जगण्यात उतरेलच असे नाही, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. म्हणून सरावाच्याच दिवशी सासऱ्यांना वाण्याकडून चार वस्तू आणायला सांगा आणि सोबत जा. पूर्वी फिट आली असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा. सराव खुर्चीत बसून, जवळ कुणी असतानाच करावा. मळमळ किंवा चक्कर जाणवताच हेडसेट काढा.