दारं धरताना

बाळा, यंदापासून उसाच्या लावणीचं रान तू भिजवणार. माझ्या आजोबांनी बांधावर उभं करून मला जे सांगितलं, तेच आता तुला सांगतो.

सरीत पाणी सोडलं की त्याच्या तोंडावर नजर ठेव. पाणी जितकं लांब जाईल तितकी पिणारी माती वाढते आणि शेंड्याकडं ते रेंगाळतं. म्हणून सुरुवातीलाच पाच सऱ्यांत वाटू नको. दोनच दारं मोड, धाव घेऊ दे. शेंडा जवळ आला की तेच पाणी चार सऱ्यांत लाव. कांडी नुकतीच लावलेली असेल तर मात्र एवढा जोर नको, ती उघडी पडते.

आता नीट ऐक. सरीचा तळ कधीच सारखा नसतो. पाण्याचं तोंड अडलं की नवखा माणूस लगेच खोरं चालवतो. तू आधी मागं बघ. मागं पाणी चढत असेल, तर पुढं उंचवटा आहे किंवा मधला खळगा भरतोय. खळगा भरला की पाणी आपोआप सुटतं. उंचवटा असेल तर फक्त त्याचा माथा तास. तळ खोल केलास तर तिथंच नवा खळगा होतो आणि पुढच्या पाळीला पाणी तिथंच अडतं. पण तोंड अडलंय आणि मागंही पाणी चढत नाही, तर ते कुठंतरी मुरतंय: उंदराचं बीळ, खेकड्याचं बीळ, नाहीतर काळ्या रानाची भेग. एकदा मी हे न बघता रात्रभर खोरं मारत बसलो. पाणी बिळातून शेजारच्या रानात गेलं आणि आमचा ऊस कोरडाच राहिला.

भेगाळलेल्या रानात थोडं पाणी देऊन दार बांध, दुसऱ्या सरीला लाव, मग परत ये. माती फुगून भेगा मिटतात, तळ बसतो आणि दुसऱ्यांदा पाणी सरसर पळतं. अमेरिकेत युटाच्या विद्यापीठानं १९७९ च्या सुमारास हीच रीत शास्त्र म्हणून मांडली.

वरंबा बुडवायचा नाही. निम्म्यापर्यंत पाणी पुरे, वरची ओल काळी माती स्वतःच ओढून घेते. आणि शेंड्याला पाणी पोचायची वाट बघू नको; थोडी सरी उरली असतानाच दार बांध, सरीत साठलेलं पाणी उरलेली वाट चालतं. शेंड्याला तुंबलेल्या पाण्याचं काय होतं, ते शिरोळकडं जाऊन बघ. क्षारपड झालेल्या रानात ऊसच काय, गवतही धड उगवत नाही. राधानगरी धरणाचं पाणी भोगावती नदीतून आपल्या मोटारीपर्यंत येतं, ते असं घालवायचं नसतं.

रात्रीच्या लाईटला जाशील तेव्हा गमबूट घाल, बॅटरी मारूनच पाऊल टाक. वरंब्यावर जागा नीट बघून बस आणि कान दे. कोरडी माती पाणी पिताना बारीक बुडबुडते. तो आवाज पुढं सरकतोय तोवर खोरं खालीच असू दे.