चिंच पितळेला, मोकाला नव्हे

प्रश्न : जुन्या भांड्यांचा मला नाद आहे. नुकतीच दोन इटालियन कॉफीपात्रे मिळाली : एक आठ बाजूंचे अ‍ॅल्युमिनियमचे, दुसरे तांब्याचे, उलटे करून गाळायचे. चिंचेने घासू का? वापरता येतील? – एक वाचक, भंडारा

उत्तर : पितळेच्या गावचे तुम्ही, म्हणून हात चिंचेकडेच जाणार! पण अ‍ॅल्युमिनियमला चिंच नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको. त्याने ते काळे पडते. साध्या साबणाने धुवा. हे ‘मोका’ पात्र अल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 साली आणले. त्यावर मिशीवाल्या माणसाचे चित्र असेल, तर ते 1950च्या दशकाआधीचे नाही; विकणारा काहीही सांगो. वापरायचे असल्यास रबरी वायसर आणि वाफेचा सुरक्षा व्हॉल्व्ह नवे बसवा. पाणी व्हॉल्व्हच्या खाली राहू द्या. व्हॉल्व्ह तुंबला तर पात्र फुटू शकते, इथे काटकसर नको.

तांब्याचे पात्र नापोलीच्या पद्धतीचे. आतली कल्हई उडाली असेल तर कल्हईवाल्याकडून करून घ्या, तोवर त्यात कॉफी करू नका. कल्हईतले कथील 232 अंशांना वितळते, म्हणून रिकामे भांडे गॅसवर ठेवू नये. बाहेरून मात्र चिंच खुशाल लावा.