शिवारातील पाठ

प्राथमिक शाळेतील मुलांस आठवड्यातून निदान एक तास उघड्या शिवारात नेऊन शिकवावे, ही सूचना शेतकरी मंडळींपुढे मांडली असता बहुधा एकच उत्तर ऐकू येते. शेत तर आमची पोरे रोजच पाहतात, त्यासाठी शाळा कशाला हवी? शाळेत घातले आहे ते मातीतून सुटावीत म्हणून! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. ज्या जिल्ह्यात पाऊस वरचेवर दगा देतो आणि ज्याच्या कित्येक गावांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून ऊसतोडीस निघतात, तेथील बापाने मुलासाठी मातीबाहेरची वाट शोधावी यात नवल ते काय?

तथापि पाहणे व शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणत्या वावरात ओल टिकते व कोणते आधी सुकते, हे आपल्या दहा वर्षांच्या मुलास ठाऊक असते. का, ते मात्र त्यास सांगता येत नाही. उलट शाळेत तो क्षेत्रफळ, घनफळ व त्रैराशिक शिकतो, पण त्याने मोजावे असे तेथे काही नसते. एकाच घरात दोन चुली पेटाव्यात तशी ही दोन ज्ञाने त्याच्या डोक्यात वेगवेगळी नांदतात. या दोन चुली एक कराव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पावसाचेच उदाहरण घेऊ. सपाट बुडाचा व सरळ उभ्या कडांचा एखादा पत्र्याचा डबा शाळेच्या आवारात, झाडापासून व भिंतीपासून दूर, हलणार नाही असा बसवावा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मुलांनी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी व डबा रिता करावा. जितके मिलिमीटर उंची, तितके मिलिमीटर पाऊस. डबा रुंद असो वा अरुंद, उत्तर तेच येते. आणि ते तसे का येते, हाच घनफळाचा पहिला पाठ होय. पुढे गुरुजींनी विचारावे की, एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर पाणी किती झाले? एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून पाणी सुमारे ४,०४७ लिटर झाले. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली तर एकरी ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर! ज्या गावाने उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी लावल्या आहेत, त्या गावच्या मुलास हा आकडा निराळा समजावून सांगावा लागत नाही. इतके पाणी गेले कोठे, हा प्रश्न तोच विचारील. मग त्यास बांधावर न्यावे. दोन पसरट घमेल्यांत एकाच वावरातील माती भरावी, एकीवर काडीकचरा अंथरावा व दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही एका बाजूने सारखीच उचलून धरून झारीने सारखेच पाणी घालावे. उघड्या मातीवरून वाहणारे पाणी गढूळ येते, झाकलेल्या मातीवरून आलेले त्या मानाने स्वच्छ व कमी असते. बांधबंदिस्तीवरील दहा व्याख्याने एका बाजूस व ही दोन घमेली दुसऱ्या बाजूस!

बियाण्याचा पाठ तर घरच्या हिशेबाशी थेट जोडलेला आहे. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण शेकडा ७० तरी असावी असा दंडक आहे. हे बी नाजूक असते; उन्हाळ्याच्या उष्णतेने व हाताळणीतील आदळआपटीने त्याची शक्ती घटते. मुलांनी आपापल्या घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावेत, गुंडाळी सावलीत ओली राखावी व आठवड्याने सशक्त मोड आलेले दाणे मोजावेत. ही परीक्षा सुटीपूर्वी एप्रिलात एकदा व शाळा उघडताच जूनमध्ये पुन्हा घ्यावी. मधल्या दोन महिन्यांत काय घटले ते कागदावर दिसेल. शंभरांपैकी साठच दाणे उगवले तर एकरी तीस किलोच्या ऐवजी किती बी पेरावे? त्रैराशिकाने उत्तर पस्तीस किलो येते. पाचवीतील मुलीने काढलेला हा आकडा ऐकून बापाने पाभरीचे माप बदलले, तर शाळेने त्या घरास दुबार पेरणीच्या एका धोक्यातून वाचविले असे होईल.

भूगोलास आपल्या जिल्ह्याइतके सोयीचे स्थळ क्वचित सापडेल. बालाघाटाच्या डोंगररांगांवर पडणारे पाणी येथे दुभंगते. तेरणेचे पाणी मांजरेस व मांजरेचे गोदावरीस मिळते. नळदुर्गाच्या किल्ल्यास वळसा घालणारी बोरी व परंड्याकडील सीना या दोन्ही भीमेवाटे कृष्णेस जातात. एकाच सरीचे दोन थेंब डोंगराच्या दोन अंगांस पडून दोन महानद्यांत जातात, हे मुलाने माथ्यावर उभे राहून पाहिले म्हणजे नकाशातील निळ्या रेघा त्यास जिवंत होतात. तेरला सहल गेल्यास तेथील संग्रहालयातील मणी व मृण्मय वस्तूंबरोबर हेही सांगावे की, हेच प्राचीन तगर असून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवृत्तात या बाजारपेठेचे नाव आले आहे.

ही कल्पना नवी नव्हे. सन १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसायाभोवती सात वर्षांचे शिक्षण गुंफण्याची योजना आखली. तीवर त्या काळी मोठा आक्षेप आला तो असा की, मुलांच्या श्रमाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार काढू पाहणारी शाळा हळूहळू कारखाना होईल. हा इशारा आम्हांस आजही मोलाचा वाटतो. मुलांची रांग निंदणीस किंवा कापूस वेचणीस जुंपणे व त्यास शेतीचे शिक्षण म्हणणे, ही शुद्ध लबाडी होय. शिवारातील तासाला मुलाच्या हाती विळ्याहून पट्टी व वहीच अधिक शोभते.

याच्या उलट, शाळाच मुलापाशी गेल्याचे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा गुरे चरत तेथेच कुरणशाळा भरविण्यात आली, आणि खडे, पाने, बिया यांवर धडे सुरू झाले. आपल्याकडे शेळ्यांमागे जाणारी पोरे नाहीत असे कोण म्हणेल?

सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. तेव्हा गुरुजींनी हे केल्यास ते नियमाबाहेरचे ठरण्याची भीती नाही. उणीव आहे ती जागेची, आणि येथे जमीनधारकांचे काम येते. शाळेजवळ ज्याचे वावर आहे त्याने एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांब व तितकाच रुंद तुकडा, एका हंगामापुरता मुलांच्या निरीक्षणासाठी मोकळा ठेवावा. ज्यांच्या घरी गुंठाभरही जमीन नाही अशी मुले प्रत्येक वर्गात असतात; आपले म्हणून मोजावे असे शेत त्यांस एरवी मिळावयाचे नाही. पीक बुडण्याचे भय धरू नये. चुकलेली पेरणीही शिकविते.

विहिरीची पातळी मोजावयाची तर भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरात मोजते, तेच महिने धरावेत. म्हणजे आपली नोंद तिच्या नोंदीशी ताडता येईल. मात्र कठडा नसलेल्या विहिरीपाशी मुलांस नेऊ नये, दोर मोठ्या माणसानेच सोडावा. फवारणी झालेल्या वावरात तो आठवडा वर्ग भरवू नये, आणि ढग गडगडू लागताच झाडाचा आश्रय न घेता सर्वांनी शाळेच्या इमारतीत परतावे. डबा मात्र मृग निघण्यापूर्वीच बसवावा, म्हणजे पहिला पाऊस नोंदीवाचून जाणार नाही. शाळा उघडेपर्यंत ते माप शेजारच्या शेतकऱ्याने लिहून ठेवावे.