जिद्द

एकदा मी फळ्यावर 'जिद्द' हा शब्द लिहिला आणि वर्गाला त्याचा अर्थ विचारला. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "ज़िद, आपा! बुरी आदत." सारा वर्ग हसला. उत्तर चुकले होते, पण त्यात त्या मुलाचा दोष नव्हता. घरी आपण लहान भावाला "ज़िद मत करो" असेच म्हणतो ना? त्या ज़िदीला मराठीत 'हट्ट' म्हणतात. 'जिद्द' हा मात्र मराठीत चांगला गुण आहे. मूळ शब्द अरबी. तिथे त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा होतो. तो उर्दूत एका वाटेने गेला आणि मराठीत दुसऱ्या वाटेने.

हट्ट आणि जिद्द यांतला फरक व्याख्या पाठ करून कळत नाही. म्हणून आज तुम्हांला काही धावपटूंची हकिकत सांगते.

'चॅरिअट्स ऑफ फायर' नावाचा एक इंग्रजी चित्रपट आहे. ह्यू हडसन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला १९८१ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्याची कथा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची आहे आणि तिच्यातले दोन्ही नायक खरे होते. हॅरॉल्ड अब्राहम्स हा ज्यू कुटुंबातला. आपल्या समाजाकडे लोक तुच्छतेने पाहतात, हे त्याला फार खुपत असे. सर्वांच्या पुढे धावणे हेच त्याचे उत्तर होते. दुसरा, एरिक लिडेल, हा स्कॉटलंडचा श्रद्धाळू ख्रिस्ती. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी खेळायचे नाही, असा त्याचा नियम होता. जुम्याच्या नमाजाची वेळ तुम्ही कशी पाळता ते आठवा, म्हणजे त्याचे मन तुम्हांला लगेच कळेल.

शंभर मीटर धावणे ही लिडेलची खास शर्यत. तिची प्राथमिक फेरी नेमकी रविवारी आली. त्याने धावायला नकार दिला. त्याच्यावर टीका झाली. देशाला पदक मिळत असताना हा काय हट्ट, असे पुष्कळांना वाटले. चित्रपटात ही बातमी त्याला बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात त्याला ती कित्येक महिने आधीच कळली होती. चित्रपटवाल्यांनी तेवढी तिखटमीठ लावून घेतली आहे. मला तर खरी गोष्टच जास्त मोलाची वाटते, कारण ते सारे महिने लिडेल रुसून बसला नाही. त्याने चारशे मीटरचा सराव सुरू केला. शंभर मीटरची शर्यत अब्राहम्सने १०.६ सेकंदांत जिंकली. चार दिवसांनी लिडेलने चारशे मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम केला.

आता तुम्ही म्हणाल, ही तर साहेबांच्या देशातली माणसे. आपल्याकडे असे कोणी होते का? होते, आणि तेही पॅरिसच्या चार वर्षे आधी.

पुण्यात १९०६ साली 'डेक्कन जिमखाना' ही खेळांची संस्था सुरू झाली. उद्योगपती सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. संस्थेच्या मैदानी स्पर्धा पाहताना त्यांना एक नवल दिसले. धावणारी मुले शेतात राबणारी होती. त्यांच्या पायांत बूट नव्हते, त्यांना कोणी शिकवलेलेही नव्हते. तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळेच्या जवळपास येत होती. ही मुले ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असे दोराबजींना वाटले. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या मदतीने त्यांनी परवानगी मिळवली, पैसे जमवले आणि स्वतःचेही पैसे घातले.

आपल्या लोकांना या खेळांची माहिती किती होती, याचा एक किस्सा दोराबजींनीच पुढे एका पत्रात सांगितला. शंभर मीटरच्या निवडीसाठी किती वेळ ठरवावी, असा प्रश्न निघाला. समितीतले एक प्रतिष्ठित सदस्य म्हणाले, एक-दोन मिनिटे ठेवू! इथे मिनिटांचा हिशोब नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. हसू नका. ज्यांनी हे खेळ कधी पाहिलेच नव्हते, त्यांना ते कसे कळावे?

१९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिक भरले. भारताचा संघ म्हणून चार धावपटू आणि दोन पैलवान तिकडे गेले. धावपटूंमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. २२ ऑगस्टला त्याने मॅरेथॉन शर्यतीत भाग घेतला. आजची मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. ती ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती. आपल्या शहरातून वेरूळपर्यंत पळत जायचे आणि पळतच मागे दौलताबादला यायचे, साधारण एवढे अंतर. बरोबरीचा सदाशिव दातार ही शर्यत पूर्ण करू शकला नाही. चौगुलेने ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली. त्याचा क्रमांक एकोणिसावा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये रणधीर शिंदे हा पैलवान चौथा आला. कांस्यपदक त्याच्या हातून थोडक्यात निसटले.

इथवर सांगितल्यावर मागच्या बाकावरचा तोच मुलगा उभा राहिला. "आपा, उन्नीसवाँ आया, तो नाम क्यों याद रखें?" प्रश्न रास्त होता. मी त्याला उलट विचारले, "विसावा कोण आला असता, जर इथून कोणी गेलेच नसते?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने वहीत फडेप्पाचे नाव लिहून घेतले. स्पेलिंग मात्र मला दोनदा सांगावे लागले.

पहाटे आमखास मैदानावर पळणाऱ्या मुलांना फडेप्पा ठाऊक नसेल, पण अविनाश साबळे नक्की ठाऊक असेल. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला लागूनच बीड जिल्हा आहे. तिथल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाशचे गाव. घरची गरिबी. शाळा सहा किलोमीटर दूर, म्हणून तो कधी चालत, कधी पळत जाई. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला आणि सियाचीनच्या बर्फातही राहिला. पळण्याच्या स्पर्धांकडे तो सैन्यात गेल्यावरच वळला. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. तिच्यात २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०१८ साली त्याने या शर्यतीतला ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ साली, लिडेलच्या विजयाला शंभर वर्षे झाली तेव्हा, तो त्याच पॅरिस शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी धावला आणि अकरावा आला.

मला मात्र त्याची २०२२ ची बर्मिंगहॅमची शर्यत अधिक आवडते. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच जात होती. त्या दिवशी दोन केनियन धावपटूंना मागे टाकून अविनाश पहिल्याच्या अगदी खांद्याशी पोहोचला. पहिल्याची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाशची ८ मिनिटे ११.२० सेकंद. त्याला रौप्यपदक मिळाले. एक-दोन मिनिटे म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना हे कोणी सांगायला हवे होते. सुवर्णपदक सेकंदाच्या शंभर भागांपैकी फक्त पाच भागांनी हुकले होते.

शब्दार्थ
हट्ट – ज़िद. तुच्छतेने – हिक़ारत से. श्रद्धाळू – दीनदार. नकार – इन्कार. पारतंत्र्य – ग़ुलामी. रास्त – वाजिब. अडथळा – रुकावट

स्वाध्याय
१. लिडेलच्या नकाराला तुम्ही हट्ट म्हणाल की जिद्द? का?
२. फडेप्पा चौगुलेविषयी पाच वाक्ये लिहा.
३. उर्दूत आणि मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.