डेटाशीटमधले ३७ मायक्रोसेकंद

चि. सलील यास,


तुझं पत्र वाचलं, सोबतचा कोडही पाहिला. प्रिंटएफची ओळ ठेवली की डिस्प्ले नीट, काढली की पहिली दोन-तीन अक्षरं गायब. म्हणून तू कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनमागे लागलास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! चुकलाय तो वेळेचा हिशेब.

तुझा सीरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर आहे. स्टार्ट-स्टॉप धरून एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. डिस्प्लेला 'क्लिअर'ची आज्ञा पाठवल्यावर तू प्रिंटएफने त्या पोर्टवर वीस अक्षरांची ओळ छापतोस. ती बाहेर पडेपर्यंत १.७ मिलिसेकंद जातात. आता डिस्प्ले चालवणाऱ्या चिपच्या, म्हणजे हिताचीच्या एचडी४४७८०च्या, डेटाशीटमधला आज्ञांचा तक्ता बघ. 'रिटर्न होम'ला १.५२ मिलिसेकंद, बाकी बहुतेक आज्ञांना ३७ मायक्रोसेकंद, आणि 'क्लिअर'समोरचा रकाना चक्क कोरा! तू तिथे ३७ धरलेस. पण मजकुरात स्पष्ट लिहिलंय की ही आज्ञा सगळ्या डिस्प्ले रॅममध्ये रिकामं अक्षर भरते. ऐंशी जागा ३७ मायक्रोसेकंदांत भरून होतील का? तेव्हा बग शोधायला लावलेली तुझी ओळच इतके दिवस डिलेचं काम करत होती.

बरं, 'क्लिअर'लाही १.५२ धरलेस, तरी ते खरे का? त्या रकान्याच्या मथळ्यात 'कमाल' लिहिलंय, त्यावर निर्धास्त होऊ नकोस. तिथेच कंसात २७० किलोहर्ट्झ असंही आहे. चिपचं घड्याळ तेवढ्या वेगाने चालत असेल तरच ते आकडे खरे. आणि ते घड्याळ म्हणजे काही क्रिस्टल नव्हे, एका रेझिस्टरवर चालणारा साधा ऑसिलेटर. बरीच पानं पुढे, विद्युत गुणधर्मांच्या तक्त्यात, त्याची मर्यादा दिलीय: १९० ते ३५० किलोहर्ट्झ. १९० धरलेस तर ३७चे जवळपास ५३ होतात आणि १.५२चे २.१६. शिवाय त्या रेझिस्टरसाठी हिताची ५ व्होल्टला ९१ किलोओहम सांगते आणि ३ व्होल्टला ७५. पाचासाठी बनवलेला डिस्प्ले तू ३.३वर चालवत असशील तर घड्याळ आणखी मंदावणार. आणि काचेमागे हिताचीचीच चिप आहे हे कशावरून? 'कंपॅटिबल' म्हणून केएस००६६ किंवा एसटी७०६६ही सर्रास येतात. जी चिप हातात आहे तिचंच डेटाशीट वाच.

मग तुझं डिले फंक्शन. ३२,७६८ हर्ट्झच्या टायमरवर ३७ मायक्रोसेकंद म्हणजे १.२१ टिक. पूर्णांकी भागाकाराने अपूर्णांक छाटला, उरली एक टिक, म्हणजे ३०.५ मायक्रोसेकंद. तीही पूर्ण मिळेल याची खात्री नाही, कारण मोजायला सुरुवात केलीस तेव्हा चालू टिक संपत आलेली असू शकते. म्हणून आधी वरच्या पूर्णांकाला ने आणि त्यात एक मिळव. ५३साठी तीन टिक होतात, म्हणजे काहीही झालं तरी ६१च्या खाली येत नाही.

'डिले वाढवत जा, कधीतरी चालेल' असा सल्ला तुला ऑफिसात कुणीतरी देईलच. मला तो मुळीच पटत नाही. इथे तो खपून जाईल, कारण या चिपला उशीर चालतो, घाई चालत नाही. पण उद्या डब्ल्यूएस२८१२ची एलईडी पट्टी हातात आली की तिथे प्रत्येक पल्सला दोन्हीकडून कुंपण: शून्याचा पल्स ०.३५ मायक्रोसेकंद, कमी-जास्त फक्त १५० नॅनोसेकंद. मध्येच इंटरप्ट आला की रंग बिघडलाच. तेव्हा प्रत्येक आकड्याबाबत आधी हे ठरव की तो किमान आहे, कमाल आहे की दोन्ही.

डिस्प्लेच्या एनेबल पिनवरचा पल्सही तपास. ५ व्होल्टला तो किमान २३० नॅनोसेकंद हवा, ४.५च्या खाली ४५०. तू उचललेला कोड १२ मेगाहर्ट्झच्या ८०५१चा आहे. त्यावर एक मशीन सायकलच एक मायक्रोसेकंदाची, त्यामुळे पल्स आखूड होण्याचा प्रश्नच नव्हता. तुझा कंट्रोलर पिन वर-खाली करायला थोडेच नॅनोसेकंद घेतो. हे बघायला लॉजिक अॅनालायझर पिनवर लाव, पण १ मेगाहर्ट्झवर नको. ४५० नॅनोसेकंदांचा पल्स दोन नमुन्यांच्या मधल्या फटीत हरवून जाऊ शकतो. २४वर ठेवलास तर दर ४२ नॅनोसेकंदांनी एक नमुना मिळतो.

तुझ्या बोर्डवर डिस्प्लेची आर-डब्ल्यू (रीड-राइट) पिन थेट ग्राउंडला बांधलीय. म्हणून चिप कामात आहे का हे सांगणारा बिझी फ्लॅग वाचता येत नाही आणि हा सगळा खटाटोप करावा लागतो. पुढच्या बोर्डला हार्डवेअरवाल्यांकडून ती पिन मागून घे. तरी सुरुवातीच्या तीन फंक्शन-सेट आज्ञांपर्यंत तो फ्लॅग वाचता येत नाही, तिथे मोजूनच थांबावं लागतं: पहिलीनंतर ४.१ मिलिसेकंदांहून जास्त, दुसरीनंतर १०० मायक्रोसेकंदांहून जास्त. आणि त्याआधी, वीज आल्यावर थांबायचे १५ मिलिसेकंद ४.५ व्होल्टपासून मोजायचे आहेत; डिस्प्ले ३.३वर चालवत असशील तर २.७ व्होल्ट ओलांडल्यापासून ४० धर.

तुझी,
आत्या