परभाषेचा शिक्षक आणि त्याचा करारनामा

परकीय भाषा शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांच्या मनात परदेशी जाऊन शिकवण्याची इच्छा कधी ना कधी डोकावतेच. जाहिरातीतला पगार आपण बारकाईने वाचतो. करारनामा मात्र सही करण्यापुरता पाहतो. त्यातील एका कलमावरून किती वर्षांचा झगडा उभा राहतो, हे इटलीतील ‘लेत्तोरी’ प्रकरण अभ्यासताना माझ्या लक्षात आले. त्याची थोडक्यात ओळख येथे करून देतो.

इटलीच्या विद्यापीठांत आपली मातृभाषा शिकवणाऱ्या अध्यापकांना ‘लेत्तोरी’ म्हणत. १९८० च्या ३८२ क्रमांकाच्या हुकुमातील कलम २८ नुसार त्यांचा करार एका शैक्षणिक वर्षाचा असे आणि फार तर पाच वर्षे वाढवता येई. इतर नोकरदारांना अशी मर्यादा नव्हती. व्हेनिस विद्यापीठातील पिलार अल्युए आणि मेरी कार्मेल कूनन या अध्यापिकांनी याविरुद्ध दाद मागितली. प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेला.

दोन्ही बाजू ऐकण्याजोग्या आहेत. बचाव असा, की परदेशी फार काळ राहिल्यास शिक्षकाचा मातृभाषेशी संबंध सुटतो. म्हणून ताजे शिक्षक हवेत. वरवर हे पटते. पण ३० मे १९८९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की दळणवळण व सांस्कृतिक संबंध वाढल्यामुळे ही भीती फारशी उरत नाही. शिवाय शिक्षकाचे भाषाज्ञान विद्यापीठ केव्हाही तपासू शकते. हुकुमात ‘परदेशी’ असा भेद केलेला नव्हता हे खरे. पण लेत्तोरींपैकी केवळ २५ टक्के इटालियन असल्याने त्याचा फटका मुख्यतः परकीयांनाच बसे. म्हणून तो भेदभाव ठरला. १९९३ मध्ये एकेका वर्षाच्या करारांची सक्तीही याच कारणाने नाकारली गेली.

येथे वाद संपावयास हवा होता. तो संपला नाही! १९९५ च्या कायद्याने लेत्तोरी हे पदच काढून ‘भाषा-सहयोगी व तज्ज्ञ’ असे नवे पद निर्माण केले. मुदतीचे बंधन गेले, पण जुन्या सेवेचे काय? ती मोजून हक्क देण्यात सहा विद्यापीठांनी कसूर केली, असा इटलीविरुद्ध निकाल २००१ मध्ये लागला. २००४ मध्ये इटलीने वेतनाविषयी नवा कायदा केला. दिलेल्या मुदतीत निकाल पाळला गेला नव्हता, हे २००६ मध्ये न्यायालयाने नोंदवले; दंड मात्र केला नाही. थकबाकीचा प्रश्न तरीही रेंगाळला आणि जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने इटलीला पुन्हा न्यायालयात खेचले. म्हणजे पहिल्या निकालानंतर ३४ वर्षांनी!

माझ्या मते यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पदाचे नाव हा केवळ शब्द नसतो; ‘अध्यापक’ की ‘सहयोगी’ यावर वेतन व सेवाकाल ठरतो. दुसरे, निकाल हाती येणे आणि पैसा हाती येणे यांत मोठे अंतर असते. शिवाय हे अध्यापक ज्या तरतुदीच्या बळावर लढले, ती युरोपीय समुदायाच्या नागरिकांसाठी होती. आपल्यापैकी कोणी उद्या हिंदी वा मराठी शिकवण्यास तेथे गेला, तर ती ढाल त्याच्या हाती आपोआप येणार नाही. तेव्हा पदनाम, मुदत, सेवेची गणना आणि वाद कोणत्या न्यायालयात चालेल, या चार गोष्टी सहीपूर्वी वाचाव्यात. भाषेच्या विद्यार्थ्याला निदान करारनाम्याची भाषा तरी यायला हवी.